दुधातला विषाणू आणि तक्त्यावरची चार वाक्ये

विज्ञान प्रदर्शनातील उपकरणांना परीक्षक असतात, गुण असतात, बक्षिसे असतात. भिंतीवरच्या तक्त्यांना मात्र कोणी परीक्षक नसतो. अक्षर सुवाच्य आहे, रंग बरे भरले आहेत, एवढे पाहून आपण पुढे सरकतो. वस्तुतः प्रदर्शन संपले की उपकरण मोडले जाते आणि तक्ता वर्षभर वर्गात टांगलेला राहतो. पाठ्यपुस्तकातील एखादा धडा जितक्या वेळा वाचला जात नाही तितक्या वेळा तो वाचला जातो. तेव्हा पुस्तकाचे करतात तसे एखाद्या तक्त्याचेही परीक्षण करायला हरकत नसावी.

आम्ही निवडलेला तक्ता खालापूर तालुक्यातील लोधिवली परिसरातल्या एका शाळेत पाहिलेला आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाही. तक्त्याचा मथळा 'कर्करोग, विषाणू आणि विकरे'. मध्यभागी डॉ. कमल रणदिवे यांचे चित्र. एका बाजूला उंदराची मादी व तिला बिलगलेली पिले, दुसऱ्या बाजूला काटेरी चेंडूसारखा विषाणू. खाली चार वाक्ये: 'डॉ. कमल रणदिवे यांनी कर्करोगाचा विषाणू शोधला. हा विषाणू आईच्या दुधातून पसरतो. तो विकरांच्या साहाय्याने पेशींची गाठ बनवतो. म्हणून कर्करोग टाळण्यासाठी विषाणूंपासून दूर राहावे.'

एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीचे चित्र मध्यभागी असावे, ही गोष्ट आम्हांला मनापासून आवडली. चित्रे काढणाऱ्या मुलांचे कौतुकच केले पाहिजे. मजकूर त्यांनी जिथून घेतला तिथला दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. २०२१ सालच्या ८ नोव्हेंबरला 'गूगल'ने डॉ. रणदिवे यांचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर लावले; तेव्हापासून त्यांची चार-पाच ओळींची तयार चरित्रे सगळीकडे फिरू लागली आणि शाळांच्या भिंतींवरही उतरली. अशा चरित्रांत निव्वळ खोटे फार नसते. प्रत्येक वाक्यामागे काही तरी खरे असते, परंतु ते खरे कशावरून, कोणाच्या बाबतीत आणि कुठपर्यंत, हे गाळलेले असते. मूळ वाक्य उंदरांविषयी होते हे गळून जाते आणि वाक्य माणसांविषयी होऊन बसते.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. तक्ता वाचणारी आठवीतली मुलगी घरी जाते तेव्हा घरात तिची काकी किंवा वहिनी तान्ह्या बाळाला अंगावर पाजत असते. शेजारच्या घरात एखादी आजारी बाई असते. तिचे ताट-वाटी वेगळे ठेवावे की काय, अशी कुजबुज चालू असते. 'कर्करोगाचा विषाणू दुधातून पसरतो' हे शाळेत शिकलेले वाक्य त्या दोन्ही घरांत काय करू शकेल, याचा विचार शिक्षकाने करायला हवा.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. कमल रणदिवे पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शाळा हुजूरपागा, महाविद्यालय फर्ग्युसन, आणि एम. एस्सी. शेतकी महाविद्यालयातून, तीही सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींवर. पुढे त्या मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक प्रमाणात बळी पडणारे उंदरांचे चार वाण घेऊन त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना तपासायची, हे त्यांचे सुरुवातीचे काम. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली. नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊती संवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. या केंद्रातच पैदास केलेला, स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण खूप असलेला उंदरांचा एक वाण केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' याच नावाने ओळखला जातो. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

एवढ्या कामात 'कर्करोगाचा विषाणू शोधला' असे म्हणण्याजोगे काही नाही, आणि तसे म्हणून त्यांचा मोठेपणा वाढतही नाही. उंदराच्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि दुधातून येणारा घटक या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा त्यांचा प्रश्न होता. असा गुंतलेला प्रश्न वर्षानुवर्षे धरून ठेवणे शाळेच्या भाषेत 'शोध' ठरत नाही. आपल्याला शोध म्हटला की एक माणूस, एक दिवस आणि एक वस्तू लागते! जाता जाता सांगायचे तर, परळच्या त्या केंद्राची पुढची अवस्था असलेली संस्था २००२ पासून खारघरला आहे. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे लोधिवलीच्याच रायगड जिल्ह्यात येते. तक्त्यावर हे एक वाक्य असते तर मुलांना ते आपलेसे वाटले असते.

आता दूध. दुधाची गोष्ट परळला नव्हे, अमेरिकेत बार हार्बर येथे सुरू होते. तेथे जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचा एक वाण असा की त्यातील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई. दुसऱ्या वाणात तो क्वचित दिसे. पहिल्या वाणाची पिले जन्मताच आईपासून काढून दुसऱ्या वाणाच्या मादीला लावली, तेव्हा मोठेपणी त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण खूप उतरले. म्हणजे रोग केवळ रक्ताच्या नात्यातून येत नव्हता, दुधातून काहीतरी येत होते. या 'काहीतरी'ला बिटनर यांनी विषाणू म्हटले नाही. त्यांच्याजवळ तसे म्हणण्याइतका पुरावा नव्हता आणि त्यांनी तेवढेच सांगितले जेवढे प्रयोगाने दाखवले. तो विषाणू आहे हे पुढे इतरांच्या कामातून सिद्ध झाले. वर्गात शिकवायला हा प्रयोग फार चांगला आहे. त्यात सूक्ष्मदर्शक लागत नाही, रसायने लागत नाहीत; फक्त पिलांची अदलाबदल, आणि उत्तराची वाट पाहण्याचा धीर.

उंदरात असे होते तर माणसात? हा प्रश्न विचारला जाणे अपरिहार्य होते, आणि तो विचारण्यासाठी जगातील संशोधक मुंबईला आले. या प्रकरणाचा तक्त्यावर उल्लेख नाही. आमच्या मते तक्त्यातील सर्वांत मोठी उणीव हीच.

मुंबईत स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत त्या काळी गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे असे. पारशी स्त्रियांत मात्र चित्र वेगळे होते. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग अधिक आढळे. पारशी समाज लहान, समाजाबाहेर विवाह न करण्याची रीत असलेला. प्रयोगशाळेतील उंदरांचे वाण जवळच्या नात्यातील संकरातून तयार होतात, हे लक्षात घेतले म्हणजे संशोधकांची नजर या समाजाकडे का वळली ते कळते. न्यू जर्सीमधील डॅन मूर यांच्या गटाने मुंबईच्या संशोधकांसह मानवी दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात डॉ. सत्यवती सिरसाट, टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. जे. सी. पेमास्टर आणि ए. बी. वैद्य होते. उंदराच्या दुधातील विषाणूसारखे दिसणारे कण काही नमुन्यांत दिसले. पारशी स्त्रियांच्या, तसेच ज्यांच्या नात्यात स्तनाचा कर्करोग होता अशा अमेरिकन स्त्रियांच्या दुधात ते इतरांपेक्षा अधिक वेळा दिसले. हा निबंध १९७१ साली 'नेचर'मध्ये छापून आला.

परंतु कणाच्या आकारावरून विषाणू ओळखणे म्हणजे पाठमोऱ्या माणसाला शर्टावरून ओळखण्यासारखे. दुधात पेशींचे तुकडे, पापुद्र्यांच्या पिशव्या आणि प्रथिनांचे गोळे असंख्य असतात. आणखी एखादी खूण हवी होती, आणि ती नेमकी त्याच सुमारास हाती आली होती. ती खूण म्हणजे एक विकर.

पेशीत माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडे जातो, असे आपण शिकवतो. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की काही विषाणूंच्या पोटात आरएनएवरून डीएनए तयार करणारे, म्हणजे उलटी नक्कल करणारे विकर असते. त्याचे नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. उंदराच्या दुधातील विषाणू याच जातीचा. या विकराची परीक्षा अशी घेतात: संशयित कण फोडायचे, त्यांत डीएनएचे चारही घटक टाकायचे, त्यांपैकी एक किरणोत्सारी. काही वेळाने किरणोत्सारी डीएनएची साखळी तयार झाली तर नक्कल करणारे विकर तेथे आहे. मग दुसऱ्या नळीत आधी आरएनए खाऊन टाकणारे विकर घालायचे. आता साखळी तयार होत नसेल, तर मूळ प्रत आरएनएचीच होती.

जेफ्री श्लोम, सॉल स्पीगेलमन आणि मूर यांनी १९७१ सालीच मानवी दुधातील कणांवर ही परीक्षा केली आणि उत्तर होकारार्थी आले. पुढच्या वर्षी एम. आर. दास, वैद्य, सिरसाट आणि मूर यांनी पारशी स्त्रियांच्या दुधातील कणांवर केलेले अशाच स्वरूपाचे काम प्रसिद्ध झाले. कण दिसतो, त्याची घनता विषाणूसारखी, त्यात विषाणूचे विकर, आणि ज्या समाजात रोग अधिक त्या समाजात तो अधिक. एखाद्या खटल्यात एवढे पुरावे असते तर निकाल लागला असता.

निकाल लागला नाही. इतरांनी नमुने वाढवून पाहिले तेव्हा कण आणि विकराची क्रिया निरोगी घराण्यांतील स्त्रियांच्या दुधातही सापडू लागली आणि घराण्यातील रोगाशी असलेला मेळ टिकला नाही. मानवी दुधात आरएनए तोडणारी विकरे भरपूर असतात. त्यामुळे एखाद्या नमुन्यात खूण न सापडणे यालाही फारसा अर्थ उरत नाही. पेशीची स्वतःची डीएनए घडवणारी काही विकरेसुद्धा प्रयोगशाळेतील कृत्रिम आरएनएवरून थोडीफार नक्कल करतात. आणि पुढे कळले ते सर्वांत गमतीचे: मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन काळी आपल्या पूर्वजांत शिरलेल्या अशाच विषाणूंच्या अवशेषांचा आहे. शिवाय गुणसूत्रांची टोके राखणारे टेलोमरेज हे पेशीचे स्वतःचे विकरही उलटी नक्कल करणारेच निघाले, आणि बहुतेक कर्करोगपेशींत ते जागे असते. म्हणजे चोराचे म्हणून उचललेले ठसे घरातल्याच माणसांचेही असू शकत होते.

याहून साधा एक तर्क आहे आणि तो वर्गात फळ्यावर मांडता येतो. स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत चालत येतो हे खरे. त्यामागील बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके १९९४ आणि १९९५ साली ओळखली गेली. बिघडलेले जनुक मुलीला आईकडून जसे येते तसेच वडिलांकडूनही येते. वडील तर दूध पाजत नाहीत. ज्या आयांना पुढे स्तनाचा कर्करोग झाला त्यांच्या दुधावर वाढलेल्या मुलींची वरच्या दुधावर वाढलेल्या मुलींशी तुलनाही करून झाली. दुधामुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. पारशी स्त्रियांतील जास्त प्रमाणाला उशिरा होणारी लग्ने आणि कमी मुले ही अधिक सरळ कारणे उपलब्ध होती. उंदराच्या विषाणूशी मिळताजुळता जनुकीय मजकूर मानवी गाठींत असल्याचे दावे १९९५नंतरही होत आले आहेत, परंतु त्याने रोग होतो हे सिद्ध झालेले नाही.

उलट, ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. तक्त्यावरील दुसरे वाक्य उंदराच्या चित्राखाली, 'उंदरात' हा शब्द घालून लिहिले असते तर बरोबर होते. आईच्या दुधाविषयी म्हणून ते चूक आहे आणि ते लगेच पुसावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबईचे हे काम वाया गेले असे कोणी म्हणेल तर ते आम्हांला मान्य नाही. ज्या काळात जगभर मानवी कर्करोगाच्या विषाणूचा शोध चालू होता त्या काळात परळमध्ये त्या शोधाचे एक टोक होते. प्रश्न योग्य होता, साधने उत्तम होती आणि उत्तर नकाराच्या बाजूने गेले. नकारार्थी उत्तरांना तक्त्यावर जागा नसते. म्हणूनच मुलांना वाटते की विज्ञानात जे शोधायला जावे ते सापडतेच.

तिसऱ्या वाक्याकडे वळू. 'तो विकरांच्या साहाय्याने पेशींची गाठ बनवतो.' विकरे कोणाची? वाक्य वाचून असे वाटते की विषाणू आपली हत्यारे घेऊन येतो आणि गाठ बांधतो. पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. तो अर्क निरोगी कोंबडीला टोचला तर तिलाही गाठ होते, हे त्यांनी दाखवले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९६६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी! त्या विषाणूत 'सार्क' नावाचे एक जनुक आहे आणि त्यापासून बनणारे विकर इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चिकटवते. अशा विकरांना कायनेज म्हणतात. फॉस्फेट चिकटले की पेशीला 'वाढ' असा निरोप जातो. परंतु मायकेल बिशप आणि हॅरोल्ड व्हार्मस यांच्या गटाने १९७६ साली दाखवले की हे जनुक विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या पेशीतही असते. विषाणूने ते कोंबडीकडूनच उचलले आणि उचलताना त्याचा ब्रेक असलेला शेवटचा तुकडा मागे राहिला. कोंबडीच्या पेशीत हे विकर गरजेपुरते चालते, विषाणूच्या प्रतीत ते थांबत नाही. 'एबल' नावाचे दुसरे एक कायनेजही प्रथम उंदराच्या विषाणूतच भेटले. माणसाच्या एका रक्तकर्करोगात तेच बिघडलेल्या स्वरूपात सापडले, तेथे विषाणूचा काही संबंध नसताना. त्याला अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००१ पासून वापरात आहे.

उंदराच्या दुधातील विषाणूची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे उलटी नक्कल करणारे विकर गाठ बनवत नाही. ते फक्त विषाणूच्या मजकुराची डीएनए प्रत तयार करते आणि ती प्रत दुसऱ्या एका विकराच्या मदतीने उंदराच्या गुणसूत्रात कुठेतरी खोचली जाते. बहुतेक ठिकाणी त्याने काही बिघडत नाही. क्वचित ती वाढीच्या एखाद्या जनुकाशेजारी जाऊन बसते आणि निजलेले जनुक जागे होते. विषाणूला गाठीशी काही देणेघेणे नसते.

आणि ज्या विषाणूचा मानवी कर्करोगाशी संबंध आज निर्विवाद मानला जातो, त्या मानवी पॅपिलोमा विषाणूकडे, म्हणजे एचपीव्हीकडे, डीएनए घडवणारे स्वतःचे विकरही नाही. त्याचा जनुकसंच जेमतेम आठ हजार जोड्यांचा. प्रती काढण्यासाठी तो पेशीच्या विकरांवर अवलंबून असतो, आणि ती विकरे पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच उपलब्ध होतात. त्याचे 'ई-७' प्रथिन विभाजनावरचा एक पहारेकरी बाजूला सारते, तेव्हा ती विकरे तयार होऊ लागतात. एवढ्याने पेशी सावध होऊन स्वतःला संपवू पाहते. 'पी-५३' नावाचे प्रथिन हे काम करते. तेव्हा विषाणूचे 'ई-६' प्रथिन पेशीतील एका विकराला हाताशी धरते. हे विकर टाकाऊ प्रथिनांवर 'मोडीत काढा' अशी चिठ्ठी लावणारे. 'ई-६'च्या नादाने ते पी-५३वरच चिठ्ठी लावते. तेच 'ई-६' टेलोमरेजलाही जागे करते. विकरे सगळी घरची, फक्त कामाची यादी परक्याची. आणि गाठ होते ती बहुधा चुकून. कर्करोगपेशींत अनेकदा विषाणूचा मजकूर गुणसूत्रात अडकून पडतो आणि नवे विषाणू बाहेर पडणेच थांबते.

हे कशावरून? येथे रणदिवे यांच्या चरित्राचा एक धागा पुन्हा सापडतो. जॉर्ज गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली एका रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी काचपात्रात वाढू लागल्या. त्या 'हेला' पेशी आजही जगभर वाढत आहेत. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ साली गर्भाशयमुखाच्या गाठींतून एचपीव्ही-१६ आणि एचपीव्ही-१८ वेगळे केले, तेव्हा हेला पेशींतही एचपीव्ही-१८चा मजकूर निघाला. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हेला पेशींतील ई-६ आणि ई-७ ही जनुके बंद करून पाहिली, तेव्हा पन्नास वर्षे न थांबलेल्या त्या पेशींचे विभाजन थांबले. दुधातील कणांच्या बाबतीत अशी परीक्षा कधी होऊच शकली नाही. खूण सापडणे वेगळे, आणि खुणेचा धनी दूर केला की रोग थांबतो हे दिसणे वेगळे.

तसे माणसांच्या समूहात दिसावे लागते, आणि ते जिथे दिसले ती जागा महाराष्ट्रातच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एक मोठी पाहणी केली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, खेड्यांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीच्या डीएनएची तपासणी, काहींत पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, काहींत ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि काहींत नेहमीचीच आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात सुमारे आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत असा ठाम फरक पडलेला दिसला नाही. विषाणूची खूण शोधून, त्या स्त्रियांवर वेळीच उपचार केले की मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला प्रथम स्वच्छपणे दिसले ते मराठवाड्यातल्या खेड्यांत.

या पाहणीवर टीकाही झाली. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, हे नीतीला धरून होते का, असा तो आक्षेप. त्या जिल्ह्यात अशी तपासणी एरवी कोणालाच मिळत नव्हती, हे संशोधकांच्या बाजूचे उत्तर. आम्हांला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. परंतु वरिष्ठ वर्गातील मुलांसमोर हा वाद मांडावा, एवढे नक्की वाटते. त्या ६४ मृत्यूंच्या आकड्याशिवाय ३४चा अर्थ लागत नाही, आणि तो आकडा बायांचा आहे.

चौथे वाक्य सल्ल्याचे आहे आणि ते सर्वांत कच्चे आहे. विषाणूंपासून दूर राहावे म्हणजे काय करावे? एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो. हे वाक्य वर्गात उच्चारायला आपण कचरतो आणि मग 'दूर राहावे' असे मोघम लिहितो. त्यातून आजारी माणसापासून दूर राहावे, असा अर्थ निघतो. विषाणूचा संसर्ग होतो, कर्करोगाचा होत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, अंथरुणावर बसल्याने काही होत नाही. एचपीव्हीचा संसर्ग बहुसंख्य स्त्रियांना कधी ना कधी होतो, त्यातील बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांचा ठाण मांडून बसतो त्यांच्यापैकी काहींनाच, दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. म्हणूनच मध्ये तपासणीला वेळ मिळतो.

शिवाय २०१८ साली जगात निदान झालेल्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्केच संसर्गाशी निगडित होते, आणि त्यांतही सगळे विषाणूंमुळे नव्हते. लोधिवलीच्या आसपास रसायनी आणि पाताळगंगेचे कारखाने आहेत. तिथल्या माणसाला कर्करोग म्हटला की प्रथम धूर आणि सांडपाणी आठवते. घराच्या पडवीत मिश्री लावणारी आजी मात्र कोणाला आठवत नाही, आणि तक्त्यालाही आठवलेली नाही.

लसीचाही उल्लेख तक्त्यावर नाही. पुण्याच्या सिरम संस्थेने बनवलेली एचपीव्हीची लस २०२३ साली बाजारात आली. स्वीडनमध्ये सुमारे १६ लाख ७० हजार मुली व स्त्रियांची नोंद तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सुमारे ८८ टक्क्यांनी कमी आढळला. लस संसर्गाआधी द्यायची असते, म्हणून ती शाळेच्या वयातल्या मुलींची आणि त्यामुळे आपल्याही वाट्याची गोष्ट आहे. येथे खम्मम विसरू नये. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात २००९ साली झालेल्या एचपीव्ही लसीकरणाच्या प्रकल्पात वसतिगृहातील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. तो प्रकल्प २०१० साली थांबवला गेला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. कर्जत-खालापुरातील आश्रमशाळांत ठाकर, कातकरी मुली घरापासून दूर राहतात. तेथे अशी पत्रके येतील तेव्हा सही आई-बापांची हवी, आणि त्यांना त्यांच्या बोलीत सांगितल्यावर हवी.

लस घेतली तरी पुढे तिशीनंतरची तपासणी चुकत नाही, कारण लस सर्व प्रकारच्या एचपीव्हीवर चालत नाही आणि आधीच झालेल्या संसर्गावर तिचा इलाज नाही. तक्ता वाचणाऱ्या मुलीसाठी लस आणि तिच्या आईसाठी तपासणी; चार वाक्यांच्या जागेत ही दोन सहज मावली असती.